ज्याच्या वावरात गवत जास्त

पाडवा झाला की आमच्या भागात शेतीचं नवं साल सुरू होतं. वर्षाचे गडी, म्हणजे सालदार, ठरतात, कोणत्या वावरात काय पेरायचं याच्या गप्पा रंगतात, आणि त्याच सुमाराला आमच्या बायकांच्या संघाची वर्षाची बैठक भरते. मी त्या संघाची सचिव. सचिव झाले ती काही कर्तबगारीने नव्हे. सासर व्यापाऱ्यांचं, घरचं किराणा दुकान, दिवसभर गल्ल्यावर बसून लिहायची सवय आणि अक्षर बरं. बायकांनी अक्षर पाहिलं आणि मला धरलं. स्वभाव पाहिला असता तर सोडून दिलं असतं. कारण उशिरा येणारी माणसं आणि अर्धवट सोडलेली कामं या दोन्ही गोष्टींनी माझं डोकं फिरतं, आणि संघात दोन्हींची रेलचेल होती.

संघ म्हणजे कारंजा घाडगेच्या आजूबाजूच्या गावांतले बचत गट एकत्र येऊन झालेली संस्था. कुणाची संत्र्याची बाग, कुणाचं तूर-कपाशीचं थोडं वावर, कुणी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या, आणि जंगलाच्या कडेच्या वस्तीवरून चारोळी, टेंभरं असा रानमेवा विकायला येणाऱ्या गोंड बाया. एकमेकींशी त्या त्यांच्या भाषेत बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत. अशा सगळ्या जणींनी मिळून वर्षभरात काय करायचं ते ठरवून लिहून द्या, असं बचत गटांच्या सरकारी योजनेच्या कार्यालयाकडून दरवर्षी सांगणं यायचं. आम्हीही मोठ्या हौसेने ठरवायचो.

ठरवण्यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं. पापड करायचे, शिलाई मशिनी घ्यायच्या, शेळ्या वाटायच्या, दाळ मिल काढायची, गावातली दारू बंद करायची, वाचनालय उघडायचं, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचं, सहल न्यायची. जी बाई जे म्हणेल ते मी लिहायचं. एखादीचं लिहिलं नाही तर ती रुसते, आणि आमच्याकडची रुसलेली बाई एकटी उठून जात नाही, अख्खा गट घेऊन जाते. कुणाचं मन मोडायचं नाही, एवढा एकच नियम आम्ही कसोशीने पाळला. त्यामुळे यादी लांबत गेली आणि साल संपताना त्यातली सहल तेवढी पार पडलेली असायची. सहलीला मात्र सगळ्या वेळेवर हजर.

आमच्या अध्यक्ष ताई सहलीला कधी आल्या नाहीत. उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की या धुऱ्यावरून हाक मारली की पलीकडच्या वावरातले बैल मान वर करायचे. शिक्षण शाळेत जाऊन आल्याइतकंच, पण माणूस ओळखण्यात आणि माणसाकडून काम करून घेण्यात त्यांच्यासारखी बाई मी पाहिली नाही. माझ्या सासरी माणसं वस्तू पारखतात, ताई माणसं पारखायच्या. कोण मनापासून हो म्हणतंय आणि कोण तोंडदेखलं, हे त्यांना समोरची बोलायच्या आधीच कळायचं. मी त्यांच्यावर रुसायचे, चिडायचे, भांडायचेसुद्धा, पण त्यांच्याबरोबर बाजारातून चालताना माझी मान ताठ असायची हे कबूल केलं पाहिजे.

ताईंचा जीव दाळ मिलमध्ये अडकला होता. आपली तूर आपण पोत्याने व्यापाऱ्याला देतो आणि तिचीच दाळ किलोकिलोने दुकानातून आणतो, हे त्यांना फार लागायचं. दुकान बहुतेक वेळा माझंच असायचं, म्हणून हे माझ्याकडे बघत म्हणायच्या. मीही म्हणायचे, मिल काढा, मग तुमची दाळ मी विकते, आणि वजनात जराही मारत नाही. घराच्या बाजूला त्यांनी एक मोकळा तुकडा राखून ठेवला होता. तिथे गोठा नाही, कुडाची भिंत नाही, कुणाला शेळीसुद्धा बांधू द्यायच्या नाहीत. गावातली पोरं त्याला मिलची जागा म्हणायची, आणि मिल कुठे आहे असं विचारलं की हसायची.

त्या साली दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे संघाच्या नियमाप्रमाणे अध्यक्ष ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, आणि ताईंचं ते शेवटचं साल होतं. दुसरी म्हणजे योजनेतर्फे एक नवी मुलगी आमच्याकडे यायला लागली. अमरावतीची, नोकरीला नवीनच, वयाने सगळ्यांत लहान आणि तरी सगळ्या तिला मॅडम म्हणायच्या. ताई मात्र पोरी म्हणायच्या. मुलगी गोड होती आणि स्पष्टही होती. तिने आमच्या जुन्या याद्या वाचल्या आणि सांगितलं की या वेळी तीनच कामं लिहायची, तीही क्रम लावून. पहिल्या कामाच्या मागे ती स्वतः उभी राहील, बाकीची जमली तर जमली. एका सालात जेवढं होईल तेवढंच बोला, असं ती म्हणाली तेव्हा मला तिच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला.

म्हणजे ताईंना मिल करायची तर तीच वेळ होती. पहिल्या नंबरवर मिल आली तर साल संपायच्या आत यंत्र उभं राहू शकत होतं. नाही आली तर पुढच्या साली खुर्चीवर दुसरी कोणी, तिचं दुसरं काही. ताई हे बोलल्या नाहीत, पण बैठकीच्या सकाळी त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. एरवी बैठकीला त्या वावरातून तशाच यायच्या.

बैठक ताईंच्या शेजारच्या गावात, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात होती. सतरंज्या अंथरलेल्या, बाहेर लिंबाखाली पाण्याचे माठ. मॅडमने भिंतीवर एकेका कामाचा एकेक कागद चिकटवला आणि प्रत्येक बाईला टिकल्यांची काही पानं वाटली. ज्या कामाला मत द्यायचं त्या कागदावर टिकली लावायची. कल्पना चांगलीच होती. बायका उत्साहाने उठल्या आणि प्रत्येकीने प्रत्येक कागदावर टिकली लावली. पापडाला लावली आणि शेळीला नाही, तर शेळीवालीला काय वाटेल? एका म्हातारीने तर मारुतीलाही एक लावली. सगळे कागद सारखेच लाल झाले. मॅडम कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मी तिला म्हटलं की बाळे, ही आमची नेहमीची यादीच आहे, फक्त आज नटली आहे.

तेव्हा ताई उठल्या. त्यांनी कागदांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “टिकली लावाले काय लागते? काम टिकलीनं नाई होत, दिवसानं होते. निंदनाची सावड करतो तशेच बसा. ज्या कामाले तुमी आपले दिवस देसान, त्या कामापाशी जाऊन बसा. एका बाईनं एकाच जागी.”

सावड काय असते ते आमच्या बायकांना सांगावं लागत नाही. आज सगळ्या मिळून माझ्या वावरातलं तण काढायचं, उद्या तुझ्या, परवा तिच्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही, दिवसाला दिवस फेडायचा. ताईंनी भराभर मंडपात जागा नेमल्या. मिलसाठी तुरीने भरलेली वाटी ठेवली, शिलाईसाठी रीळ, शेळीसाठी पाल्याची फांदी, वाचनालयासाठी पोथी. बाजारातल्या स्वच्छतागृहासाठी काय ठेवायचं यावर खुसपूस सुरू झाली. त्या कामाचं नाव मुळात कुणी नीट घ्यायचं नाही. कागदावर स्वच्छतागृह, बोलताना बाथरूम, आणि एकमेकींत नुसतं ‘ते’. शेवटी ताईंनी देवळामागून एक टमरेल आणून ठेवलं आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग सगळ्या उठल्या आणि एकजात तुरीच्या वाटीभोवती जाऊन बसल्या. पापडवाल्या तिथे, शेळीवाल्या तिथे, भाजीवाल्या तिथे, चारोळीवाल्या तिथे. रीळ, फांदी, पोथी आणि टमरेल रिकाम्या सतरंज्यांवर पडून राहिले.

ताईंचा चेहरा मला अजून डोळ्यांपुढे आहे. खूश झालेलं माणूस लपवू पाहतं तसं त्या ओठ आवळून इकडे तिकडे बघायला लागल्या. मीही खूश झाले. लेखणी उघडली, पहिला नंबर घातला आणि ताईंकडे बघून मान हलवली की लिहिते आता.

पण ताईंची माणूस पारखायची सवय जात नव्हती. वाटीच्या अगदी जवळ एक तरुण भाजीवाली बसली होती. तिला त्यांनी सहज विचारलं, “तू काऊन बसली व इथं? तुह्या घरी तर तूरच नाई.”

ती लाजून म्हणाली, “ताई, मी बाळंतीन होती तवा तुमी माह्या वावरात निंदाले आलत्या. आता तुमच्या कामाले मी नाई येनार का?”

मग एकेक जण सांगू लागली. ताई हिच्या घरी लग्नात राबल्या होत्या, तिच्या सासूला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात राहिल्या होत्या, कुणाच्या कपाशीत वेचणीला गेल्या होत्या. मंडपातल्या जवळजवळ प्रत्येक बाईवर ताईंचे दिवस चढलेले होते, आणि सावड म्हटल्यावर त्या ते फेडायला बसल्या होत्या. त्यांना कामं निवडायचीच नव्हती. ताईंनी सावडीचं नाव काढलं तिथेच चूक झाली होती, आणि ही चूक ताईंशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

मॅडमला यातलं काही कळलं नाही. ती आनंदाने म्हणाली की छान, एकमत झालं. मीही ताईंच्या कानाशी लागले. म्हटलं, कशी का बसेनात, बसल्या ना? फुकट नाही बसल्या, तुम्ही कमावलेलं आहे हे. तुमचं शेवटचं साल आहे. आता गप राहा आणि मला लिहू द्या.

ताई गप राहिल्या. मला वाटलं, ऐकलं माझं. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, “सावडीत पह्यलं वावर कोनाचं निंदतो आपन?”

“ज्याच्या वावरात गवत जास्त, त्याचं,” दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. हे तर लहान पोरीलाही माहीत असतं. जिने सावड बोलावली तिचं आधी, असा काही रिवाज नाही. जिचं पीक तणात बुडत चाललंय तिचं आधी.

“मंग मी बाहीर जाऊन बसतो,” ताई म्हणाल्या. “मी दिसत नाई तवा बसा.”

आणि त्या खरोखरच बाहेर गेल्या. लिंबाखाली माठांपाशी, मंडपाकडे पाठ करून बसल्या. मला इतका संताप आला की लेखणीचं टोपण कुठे ठेवलं ते सापडेना. हातात आलेला घास कुणी असा खाली ठेवतं का?

आत मग एक वयस्क भाजीवाली बोलली. तिचं बोलणं मी इथे माझ्या शब्दांत सांगते, कारण ती थांबत थांबत, खाली बघत बोलली. बाजाराच्या दिवशी ती पहाटेपासून पाणी पीत नाही. घरून पाणी पिऊन निघालं तर जायचं कुठे? पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, बाईने काय करावं? हायवेवरच्या ढाब्याचं बाथरूम आहे, पण ते गिऱ्हाइकासाठी. म्हणून आधी चहा घ्यावा लागतो. आणि चहा घेतला की थोड्या वेळाने पुन्हा जावं लागतं, मग पुन्हा चहा. यावर सगळ्या हसल्या, तीही हसली. हसता हसता तिने सांगितलं की तिला लघवीला जळजळ होते, डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणतो, आणि ती उन्हाळ्यातसुद्धा बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत तोंड ओलं करत नाही. बोलून झाल्यावर ती उठली आणि टमरेलाजवळ जाऊन बसली.

गोंड बायांपैकी दोघी आपसात त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. त्यांची वस्ती सगळ्यांत दूर, बाजाराला त्या सगळ्यांत आधी निघतात आणि सगळ्यांत उशिरा घरी पोचतात. त्याही उठून तिकडे गेल्या. मग ती तरुण भाजीवाली गेली, जाताना तुरीच्या वाटीला हात लावून पाया पडल्यासारखं करून गेली. त्यानंतर मंडपात नुसती लगबग झाली. काही रिळाकडे गेल्या, काही शेळीच्या फांदीकडे, पण बहुतेक जणी टमरेलाभोवती. बसायला जागा पुरेना, तेव्हा ते टमरेल एकीने उचलून मांडीवर घेतलं.

ताईंना आत बोलावलं तेव्हा तुरीच्या वाटीपाशी दोघी उरल्या होत्या. एक त्यांची सख्खी जाऊ. दुसरी मारुतीला टिकली लावणारी म्हातारी, तिचे गुडघे दुखत होते म्हणून ती उठलीच नव्हती.

ताईंना वाईट वाटलं. मी जवळ होते, मला दिसलं. डोळे भरून आले नाहीत, तशी ती बाई नव्हे, पण चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. सगळ्या मंडपाला ते दिसलं असणार, कारण कुणी वर बघत नव्हतं. ताईंनी पदर खोचला, मंडपावरून एकदा नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, “लिहा वहिनी. बाजारातला संडास, एक नंबर.” संघाच्या बैठकीत तो शब्द पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला गेला. दुसऱ्या नंबरला शिलाई आली आणि तिसऱ्याला शेळ्या. मिल यादीत आलीच नाही.

त्या दिवशी घरी येताना मी ताईंशी बोलले नाही. त्यांनी बोलावलं तरी ऑटोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान केलं आणि मला ते लिहायला लावलं, याचा राग होता. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला की तुमच्या ताईंनी दुकान टाकलं असतं तर महिन्यात बुडालं असतं. खरंच आहे ते. पण मला त्याचाही राग आला.

ते साल मात्र मी जन्मात विसरणार नाही. आमच्या संघाने पहिल्यांदा एक काम धरलं आणि सोडलं नाही. बाजार भरतो त्या गावच्या पंचायतीकडे जागा मागायला ताई एकट्या कधी गेल्या नाहीत. ज्या ज्या टमरेलापाशी बसल्या होत्या त्यांच्यातल्या पाळीपाळीने बरोबर यायच्या, कारण दिवस देईन म्हणून बसल्या होत्या. सरपंचांनी आधी बाजाराच्या टोकाची, चहाच्या टपरीमागची जागा दाखवली. ताईंनी ती घेतली नाही. पुरुषांच्या बाकड्यांसमोरून जावं लागणार असेल तर बाई जाणारच नाही, मग बांधून उपयोग काय, हे त्यांनी न भांडता समजावून सांगितलं. भाजीच्या रांगेच्या मागे, चिंचेजवळ कोपरा मिळाला. पाण्याची टाकी कुठे ठेवायची, कडी आतून कोणत्या उंचीवर लावायची, टोपली घेऊन आलेल्या बाईने टोपली कुठे ठेवायची, यावर बायका इतक्या बारकाईने बोलल्या की मिस्त्री वैतागला. मॅडमने सांगितल्याप्रमाणे शब्द पाळला, योजनेतून मिळेल ती मदत ओढून आणली. तिच्या पायाला भिंगरी लागली होती.

मधे फरशी आणि संडासाची भांडी आणायला ताई आणि मी वर्ध्याला गेलो. काम आटोपून परत निघताना एका दाळ मिलवरून रस्ता जात होता. आतून घरघर येत होती आणि रस्त्यापर्यंत कोंड्याचा वास. ताई थांबल्या. फाटकातल्या माणसाला विचारून आत गेल्या, पट्ट्यावरून पडणारी पिवळी दाळ बघत उभ्या राहिल्या. एक मूठ उचलली, हुंगली, आणि परत जिथली तिथे टाकली. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. म्हटलं, ताई, अजून विचारून बघू या मॅडमला. ताईंनी मला नुसतं एवढंच सांगितलं की चला, आपली भांडी टेम्पोत नीट बांधली का ते पाहायचं राहिलं.

दिवाळीच्या आत काम उभं राहिलं. उद्घाटनाला पाहुणा बोलावायचा की नाही यावर चर्चा झाली, पण नेमकं कशाचं उद्घाटन म्हणून पत्रिकेत छापायचं यावर गाडी अडली. शेवटी त्या वयस्क भाजीवालीलाच पुढे केलं. ती आत गेली, कडी लावली, आणि बाहेर आम्ही सगळ्या उगाचच गंभीर चेहरे करून उभ्या राहिलो. ती बाहेर आली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि ती इतकी लाजली की पळतच आपल्या भाजीपाशी गेली. त्यानंतरच्या बाजारात मी मुद्दाम चक्कर मारली. भाजीच्या रांगेत प्रत्येकीच्या शेजारी पाण्याची बाटली होती. मी ते बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. मिलचा विचार मनात आला नाही असं नाही. पण ताईंनी जे केलं ते मला करता आलं नसतं, हे मला तिथे उभं राहून पटलं.

पुढच्या पाडव्यानंतर बैठक भरली ती नव्या अध्यक्षांच्या समोर. संत्र्याची बाग सांभाळणारी तरुण सून, हुशार. ताई पहिल्यांदाच बायकांमध्ये, सतरंजीवर, मागे बसल्या. पद्धत तीच ठेवायची असं ठरलं. आता ताईंच्या हातात खुर्ची नव्हती, काही नव्हतं. कुणाला त्यांच्यासाठी बसायचं कारण नव्हतं. कामं सांगायला सुरुवात झाली. मी वाट बघत होते, त्या मिलचं नाव काढतील म्हणून. त्यांनी काढलं नाही.

ते काढलं त्या वयस्क भाजीवालीने. तिचं म्हणणं असं की भाजी सडते, दाळ सडत नाही, दाळ मिल काढली तर बाजारात भाजीबरोबर दाळही विकता येईल. पोरीबाळींना घरी बसून काम मिळेल. एक काम आपण पूर्ण केलं, हेही करू शकतो. वाटी ठेवली, आणि बायका उठल्या. शेळीवाल्या गेल्या, शिलाईवाल्या गेल्या, गोंड बाया गेल्या. या वेळी कुणी कुणाकडे बघत नव्हतं, प्रत्येक जण काहीतरी आपलं बोलत तिकडे निघाली होती. ताईंनी पदर तोंडावर धरला होता. वर फक्त डोळे दिसत होते, आणि डोळे वाहत होते. बायकांनी वाटीजवळ मधोमध त्यांच्यासाठी जागा करून ठेवली आणि हाका मारल्या.

ताई उठल्या, डोळे पुसले, आणि वाटीच्या बाजूने पुढे गेल्या. पलीकडे एका रिकाम्या सतरंजीवर टमरेल ठेवलं होतं. बाजारातला संडास बांधून झाला होता, पण तो रोज धुवायचा, टाकी भरायची, बाजाराच्या दिवशी सकाळी कुलूप काढायचं. त्या कामाला नाव होतं, बसलेलं कोणी नव्हतं. ताई तिथे जाऊन मांडी घालून बसल्या.

मी जागेवरून उठून त्यांच्याकडे गेले. म्हटलं, ताई, काय करून राहिल्या तुम्ही? मिल तुमची आहे. चला तिकडे.

त्यांनी वाटीभोवतीच्या गर्दीकडे पाहिलं. फार प्रेमाने पाहिलं. मग मला म्हणाल्या, “तिकडं लोकं हायेत, वहिनी. इथं कोनी नाई.”

लेखणी मी नव्या अध्यक्षांच्या हातात दिली, आणि ताईंच्या शेजारी बसले.